पंकजाची दोन वर्तुळं

खणकन आवाज झाला. पंकजाच्या हातातून माझी बांगडी फरशीवर पडली आणि गिरक्या घेत ओट्याखाली जाऊन आडवी झाली. तोवर घर गप्प होतं. बाळ गेल्यापासून आमची दुपार अशीच असते.

"फुटली का गं?"

"न्हाई. काचेची फुटली असती, म्हणून तर ही घेतली," ती म्हणाली.

पंकजा चौथीत आहे. बाईंनी मैदानात फक्कीनं दोन वर्तुळं आखली होती, एकमेकांत थोडी शिरलेली. घरी शेळी असलेली पोरं एकात, गाय असलेली दुसऱ्यात, दोन्ही असलेली मधल्या भागात. "मधी एकटा कल्याण! सगळी वरडली, बागायतदार आले, बागायतदार!" सांगताना ती खिदळत होती. आता घरातलं उदाहरण वहीत काढून न्यायचं होतं.

बांगडी दोनदा ठेवून तिनं वर्तुळं गिरवली. एकावर लिहिलं 'आईची मुलं', दुसऱ्यावर 'आमच्या घरात राहणारे'. दुसऱ्यात बाबा, आई, आजी. मधल्या भागात स्वतःचं नाव. मग पेन्सिल पहिल्या वर्तुळाच्या उरलेल्या कोरीवर थांबली.

"आई, बाळ इथं येईल ना? तुझं हाय, पण घरात न्हाई."

कणकेतले माझे हात थांबले. पौषात नऊ दिवस होतं ते. कुणी विचारलं तर सासूबाई सांगतात, "सुनंला एकच पोरगी." मीही तेच सांगते. सांगून सांगून सवय झाली आहे.

दारात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली. "त्ये कशाला लिवती? एक गोल दुसऱ्याच्या पोटात काढ अन् मोकळी हो."

बरोबरच होतं त्यांचं. बाळ मोजलं नाही, तर पहिलं वर्तुळ दुसऱ्यात अख्खं मावत होतं. चित्र नीटनेटकं झालं असतं.

"लिहू द्या तिला," मी म्हणाले. "मला दोन हायत."

सासूबाईंनी मान परत वळवली. नुसत्या शेंगा फुटत राहिल्या.

पंकजानं कोरीत ठिपका दिला, पाहिला, खोडला. "ठिपका चालत न्हाई. नाव लिवायचं, म्हणल्यात बाई."

नाव बाराव्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं असतं. रुपालीवन्सं नगरहून फोनवर हसल्या होत्या, "ठरवलंय मी, पण बारशाबिगर सांगणार न्हाई वहिनी, कितीबी लाडीगोडी लावा." त्या आल्या त्या नवव्या दिवशी. पिशवीतलं झबलं पिशवीतच परत गेलं. नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पंकजानं पेन्सिल पुन्हा त्या कोरीत टेकवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"आई, आपल्या बाळाचं नाव काय?"