मुंगीची मोजणी

पहिला दगड खिडकीच्या गजावर आपटून बाहेरच पडला. दुसरा आत आला, फळ्याखालच्या खडूंच्या डब्यावर बसला आणि पांढरी धूळ उडाली. तोवर बाईंनी दाराला कडी घातली होती आणि मुलांना खिडकीखालच्या भिंतीशी दाटीवाटीने बसवलं होतं. एरवी ह्या वर्गाला गप्प करता करता त्यांचा घसा बसायचा. आज कुणी खोकलंसुद्धा नाही.

कोपऱ्यात सतरंजीच्या घडीवर बाईंची तान्ही लेक झोपली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला की ती आईबरोबर शाळेत यायची. मुलांच्या गोंगाटात ती गाढ झोपायची, शांतता झाली की उठायची. म्हणून बाईंचं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं.

"बाई, बाहेर या," शेजारच्या शेतातल्या दोघा भावांपैकी थोरल्याचा आवाज आला. "दोन शब्द बोलायचेत."

"बोलायचंय तर दगड कशाला मारता?" बाई दाराआडून म्हणाल्या.

"दगड माझे नाहीत. माझ्याकडे कुऱ्हाड आहे."

बाहेर कुणीतरी हसलं. बाईंना दगडांपेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

हे सगळं सुरू झालं होतं एका गणितापासून. क्षेत्रफळाचा धडा. पुस्तकातले आयत मुलांच्या डोक्यात काही केल्या शिरेनात. मग बाईंनी विहिरीवरची जुनी दोरी आणली, तिला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आणि अख्खा वर्ग घेऊन शाळेमागच्या शेतात उतरल्या. तिथे दोन सख्ख्या भावांची शेतं लागून होती. बापाने जाण्याआधी जमीन निम्मी निम्मी करून दिली होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर बाईंनी नेमकी तीच निवडली. दोन सारखे आयत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यावर ताडून बघता येईल.

मोजायला पुढे झाली मुंगी. धाकट्या भावाची मुलगी, अंगाने इवलीशी, बोलण्याने त्याहून कमी. हातच्याची वजाबाकी आली की तिचा चेहरा दात काढायला बसवल्यासारखा व्हायचा. त्या दिवशी मात्र ती बांधापासून दोन्ही शेतांत दोरी टाकत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बाई, काकाचं जास्त येतंय. दहा गाठी जास्त. सारखं यायला पाहिजे होतं ना?"

बाईंनी स्वतः दोरी लावून पाहिली. दहा गाठी. पोरीने हातचा न विसरता वजाबाकी केली होती.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "अगदी अचूक." आणि सगळ्यांकडून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

बरोबर उत्तर दिसलं की शिक्षकाला पुढचं काही दिसत नाही. दर नांगरणीला बांध ओंजळ-ओंजळ सरकत आला आहे, आणि ज्याने सरकवला तो माणूस समोरच्या घरात राहतो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांना दिसला फक्त आयत. मुंगी घरी गेली ती टाळ्यांच्या तोऱ्यातच, आणि बापाला सगळं सांगून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकट्याने बांधाचे दगड उपटले. थोरल्याने ते पाहिलं. त्या बांधावर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. फावडं कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं हे बघणाऱ्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. धाकट्याचं डोकं फुटलं, एक कान लोंबायला लागला. तरी तो ओरडत राहिला, "बाईंनी मोजलंय, चल, बाईंना विचार." आणि सगळी गर्दी त्या दोघांना ढकलत, ओढत शाळेवर आली होती.

बाईंनी वर्गातल्या एका थोराड मुलीला खुणेने सांगितलं, मी गेले की कडी घाल. आणि त्या बाहेर पडल्या.

धाकटा पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. रक्त हनुवटीवरून शर्टात उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. थोरल्याचे ओठ सुजून पालथे झाले होते.

"आल्या बघ," तो भावाला म्हणाला. "विचार आता. कोण चोर ते विचार."

"बाई, तुम्हीच शाब्बास म्हणालात ना पोरीला?" धाकट्याचा आवाज अगदी खाली आला. भांडणातला नव्हता, पालकसभेत विचारावं तसा होता. "सांगा ह्याला. सगळ्यांसमोर सांगा. तुमचा शब्द कुणी खाली पडू देणार नाही."

"सांगा की," थोरला म्हणाला. "फक्त नीट आठवून सांगा."

आणि त्याने कुऱ्हाड फिरवली. पातं बाईंच्या खांद्याजवळून गेलं आणि मागच्या चौकटीत रुतून बसलं. दार हादरलं. आत बाळ जागं झालं आणि रडायला लागलं.

ते रडणं कानावर पडलं आणि बाईंच्या अंगावरचा कपडा छातीपाशी ओला झाला. पान्ह्याला वेळकाळ कळत नाही. एवढ्या माणसांसमोर, रक्ताच्या वासात, त्यांना दुधाचा वास आला. मला घरी जायचंय, एवढा एकच विचार राहिला.

"मुलंच ती," त्या म्हणाल्या. "मोजताना चुकली असतील."

मग थोरल्याने कुऱ्हाड हिसका देऊन उपसली आणि खांद्यावर टाकली. "हेच सकाळपासून सांगतोय मी."

"पोरांच्या दोरीवरून डोकी फोडून घेतलीत होय रे?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माणसं मोकळी हसली. आता जेवायला जायला हरकत नव्हती.

धाकटा हसला नाही. त्याने बाईंकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. एखाद्याकडे मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने वळतो तसा तो वळला आणि खिडकीपाशी गेला.

"मुंगे. बाहेर ये."

थोराड मुलगी नको नको म्हणत असताना मुंगीने स्वतःच कडी काढली. बापाने हाक मारली की जायचं, एवढं तिला माहीत होतं.

"बाबा, मी नाही चुकले," ती म्हणाली. "परत परत मोजलं मी."

पहिल्या थपडेने ती गुडघ्यांवर आली. दुसरी कानशिलावर बसली. मग त्याने तिची वेणी मुठीत धरली आणि तिला टाकीपर्यंत फरफटत नेलं. "तुझ्यापायी," तो म्हणत होता, "तुझ्यापायी तोंड काळं झालं माझं." त्याचं रक्त तिच्या केसांत ठिबकत होतं. भावाला द्यायच्या सगळ्या लाथा तो तिला देत होता, आणि ती एवढीशी होती की काही लाथा चुकून जमिनीवर बसत होत्या.

कुणी हललं नाही. बाप आपल्या पोरीला मारतोय, त्यात पडणारे आपण कोण, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. थोरलाच म्हणाला, "असू दे रे, लेकरू आहे." जिंकलेल्या माणसाला असं म्हणायला काही मोजावं लागत नाही.

बाई धावल्या. त्या पोरीवर पडल्याच म्हणायच्या. तिला पोटाखाली घेतलं, एक लाथ बरगडीत बसली, दुसरी पाठीत, आणि तोंड मातीत असतानाच त्या बोलल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मान वर केली.

"तिची मोजणी बरोबर आहे. मी खोटं बोलले. मी पण मोजलंय, दहा गाठी. बांध सरकलाय."

धाकट्याचा पाय थांबला.

"काय म्हणालात?" थोरला म्हणाला.

"बांध सरकलाय, दादा. तुम्हाला माहीत आहे."

त्याने कुऱ्हाड उलटी धरली होती हे नशीब. दांडा उतरला तो बाईंच्या उजव्या मनगटावर, पोरीच्या डोक्यावर धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज अगदी लहान असतो, वाळली काटकी मोडावी इतका. मग मात्र गर्दीला आपल्याला हात असल्याचं आठवलं. चौघांनी थोरल्याला खाली पाडलं, आणि पाडल्यावर तेही थांबेनात. सकाळपासून नुसतं बघून त्यांचेही हात शिवशिवत असावेत. त्याचे दात मातीत पडले तेव्हा कुठे कुणीतरी म्हणालं, पुरे.

बाईंच्या नवऱ्याला पंप दुरुस्त करताना निरोप मिळाला. ग्रीसच्या हातांनीच तो दवाखान्यात आला आणि प्लास्टर होईपर्यंत थांबला. घरी आल्यावर म्हणाला, "बदली माग."

"अहो, पण..."

"पण नाही. आज मनगट होतं."

तो बाहेर हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला. सासूबाई सुनेच्या मागे बसून तिचे केस विंचरत होत्या. केसांतून माती गळत होती.

"तू वर्गातली गणितं सोडव ना," त्या म्हणाल्या. "गावाची कशाला सोडवायला जातेस?"

"आई, मी आधी खोटं बोलले. पोर चुकली म्हणाले."

"मग मार कशाला खाल्लास?"

"नंतर खरं बोलले म्हणून."

सासूबाईंचा कंगवा थांबला. "म्हणजे दोन्हीकडून गेलीस की गं बाई."

बाईंना हसू आलं आणि बरगडीत कळ उठली. मांडीवर लेक दूध पीत होती. तिला एका हाताने सावरायचं अजून जमत नव्हतं, तेव्हा सासूबाईंनीच पुढे होऊन बाळाचं डोकं धरलं. "पीत असताना रडू नये," त्या म्हणाल्या. "बाधतं." बाई रडत नव्हत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं.

पोलीस येऊन गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं. थोरला तोंडाला फडकं बांधून पुन्हा शेतावर दिसायला लागला, आणि उपटलेले दगड पहिल्या जागी, म्हणजे त्याने सरकवलेल्या जागी, परत बसले. बदलीचा विषय घरात रोज जेवताना निघायचा आणि ताटं उचलताना बाजूला पडायचा.

बाई पुन्हा शाळेत रुजू झाल्या. मुंगी आली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी धाकटा तिला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोडून, मान वर न करता, मागे फिरला. तिच्या डोळ्याखालचा काळानिळा डाग पिवळा पडत चालला होता. नेहमीची पुढची जागा सोडून ती मागच्या भिंतीशी जाऊन बसली.

बाईंनी डाव्या हाताने फळ्यावर वजाबाकी लिहिली. आकडे कलंडले, मुलं खुसखुसली, बाईही हसल्या. पण त्यांची नजर मागच्या भिंतीवरून हलेना. पोरीची पाटी भरलेली होती. सगळ्यांच्या आधी भरली होती. हात मात्र वर आला नाही.

बाई बाकांमधून चालत तिच्यापाशी गेल्या आणि खाली वाकल्या.

"सांग ना. आलंय तुला."

मुंगी पाटीकडे बघत राहिली. मग फक्त बाईंना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तुम्ही बरोबर म्हणाल?"

"बरोबर असेल तर म्हणेन."

"आणि नंतर कुणी विचारलं तर?"

होय म्हणणं सोपं होतं, आणि ह्या पोरीला त्यांचं सोपं बोलणं एकदा ऐकून झालं होतं. त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. प्लास्टरच्या हाताने पाटी कशीबशी दाबून धरली आणि डाव्या हाताने उत्तराशेजारी बरोबरची खूण काढली. ती वाकडी आली, अर्ध्यात तुटली. त्यांनी ती पुन्हा गिरवली, आणखी एकदा गिरवली. मुंगीने पाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि पुढच्या गणितासाठी खालची अर्धी बाजू पुसली. वरची तशीच राहू दिली.