मी गळकी नव्हते

“सिस्टर, तुमच्याच वहीत, तुमच्याच अक्षरात लिहिलंय,” मॅनेजर पिळ्ळै सार म्हणाले आणि पेनाच्या टोकानं त्यांनी माझ्या पोटावर टकटक केलं. “रोज सकाळी काठोकाठ, बाराच्या आत तळ. म्हणजे बायका पाणी पितात. पोटभर पितात. मग ही तहानेची कटकट आली कुठून?”

“मग त्यांची लघवी बिनदुधाच्या चहासारखी का दिसते, तेही सांगा,” एलियम्मा सिस्टर म्हणाल्या.

“ते मी कसं सांगू? घरी काय खातात-पितात ते बघायला मी जातो का? नाहीतर मग तुमची ही घागर गळकी असेल.”

गळकी.

मी घागर बोलतेय. चालू भांडणात तोंड घालते म्हणून रागावू नका. माझ्यावर आळ आलाय, आणि आळ घेऊन गप्प बसायची आमच्यात रीत नाही. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण सिस्टरची खुणांची काठी रोज पोटात घेऊन घेऊन मी मोजायला शिकले, आणि तीन महिने त्यांच्या वहीला टेकून बसले. तेव्हा मला कुणी शिकवू नये.

मला घडवलं कल्याणी नावाच्या म्हातारीनं. भाताच्या खाचरातली माती आणून ती पायानं तुडवायची. चाकावर झाला तो माझा नुसता गळा. पोट तिनं मारून मारून वाढवलं, आतून दगडाचा गोटा धरून आणि बाहेरून लाकडी थापीनं. “मार खाऊन जी चिरत नाही, तीच पाणी धरते,” असं ती म्हणायची. तिचे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, म्हणजे हे ती कुणाच्या अनुभवावरून म्हणायची ते उघड आहे. त्याच आव्यातून माझी जुळी बहीणही निघाली. आकार तोच, वजन तेच. दोघींना पेंढ्यात गुंडाळून कोल्लमजवळच्या या काजूच्या कारखान्यात आणलं.

मला तोडणीच्या शेडच्या दाराशी ठेवलं. आत दोनशे बायका उकिडव्या बसून लाकडी ठोकणीनं काजूची टरफलं फोडतात. टरफलातलं तेल बिब्यासारखं उततं. बोटांना राख चोळून काम करायचं, तरी कातडी जातेच. सकाळचा भोंगा झाला की ठोकण्या सुरू होतात आणि तीन वाजेपर्यंत थांबत नाहीत. पतिमुखाची साल घालून उकळलेलं गुलाबी पाणी माझ्यात भरलेलं असायचं. त्या उकाड्यात थंडगार.

आणि बायका काय करायच्या? यायच्या, पेला बुडवायच्या, ओठ ओले करायच्या आणि उरलेलं पाणी परत ओतायच्या.

सुरुवातीला मला वाटलं, माझ्या मातीचा वास आवडत नसेल. मग समजलं. संडास होते तीन, पण पॅकिंगच्या गोदामामागे, अख्खं आवार ओलांडून. त्यांना कुलूप, आणि चावी पिळ्ळै सारांच्या टेबलाच्या खणात. मॅनेजरच्या खोलीत जायचं, चार पुरुषांसमोर हात पुढे करायचा, आणि ते म्हणणार, “पुन्हा?” एकदा कुणीतरी तिथे काजू लपवले होते म्हणे, म्हणून कुलूप. शिवाय तोडलेला काजू वजनावर घेतात. बाई उठली की तिचं वजन घटलं. तेव्हा पाणीच प्यायचं नाही, म्हणजे उठायला नको. हा हिशेब त्या कुणी न शिकवता शिकल्या होत्या.

माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. दाराशी पाणी ठेवतो आणि ते पिऊन झाल्यावरचं दार बंद करतो.

पुढे भिंतीवर पाणी गाळायचं निळं यंत्र आलं आणि आम्हा दोघी बहिणींना दवाखान्याच्या मागे पालथं घातलं. कधीतरी वाऱ्यानं मी कलंडले, तर एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. यंत्र वर्षभरात बिघडलं. कोंबडी टिकली.

तिथून मला उचललं एलियम्मा सिस्टरनी. कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक खोली, दोन बाकं आणि मलमाची मोठी बरणी. अकरा वर्षं सिस्टर त्या खोलीत जळलेले हात बांधत होत्या. बायका हाताचं निमित्त करून यायच्या आणि दार लोटून घेतलं की वेगळंच सांगायच्या. जळजळ होते. थंडी वाजून ताप येतो. कंबर धरते. सिस्टरनी एकीचं ऐकलं, दहाजणींचं ऐकलं, आणि चाळिशी उलटल्यावर पुढच्या शिक्षणासाठी नाव घातलं. कामाच्या जागेनं माणूस कसा आजारी पडतो, हाच त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्यांनी आमचीच शेड निवडली. तोंडी तक्रार वरचे लोक ऐकत नाहीत, आकडा ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. आकडे मिळाले की शेडजवळ नवे संडास मागायचे, बिनकुलपाचे.

मला घासून पुन्हा दाराशी बसवलं. रोज काठी बुडवून पाणी किती उतरलं ते लिहायचं. मातीची घागर पाझरते, हे त्या विसरल्या नाहीत. माझ्या बहिणीला तेवढंच पाणी घालून त्यांनी दवाखान्यात कुलपात ठेवलं. तिचं जेवढं उतरेल तेवढं माझ्यातून वजा. पाहिलंत? गळकी म्हणे.

बायकांना लघवीसाठी बाटल्या दिल्या, आणि ताडून बघायला सहा रंगांचं एक कार्ड. शेडमध्ये हशा पिकला.

“सिस्टर, आता हिलाही परीक्षेला बसवणार?” बाटली नाचवत नबीसा म्हणाली. चौतिशीची असेल, जिभेनं तिखट. “आम्ही चौथीतच नापास झालो. ही तरी पुढे जाऊ दे.”

“हिचा रंग बघून नवरा निवडायचा असता तर आपण सगळ्या सुखात असतो, मोळे,” पंकजाक्षी म्हणाली. शेडमधली ती सगळ्यात थोरली. तेराव्या वर्षापासून ठोकणी हातात. सिस्टरसकट सगळ्या तिला चेची, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या, आणि ती सगळ्यांना मोळे, म्हणजे पोरी.

आता जे सांगते ते नीट ऐका. चूक इथे झाली, आणि ती असल्या बायकांनाच सुचू शकते.

पहिल्याच आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, “चेची, पाणी प्या गं सगळ्याजणी. ही घागर अशीच भरलेली राहिली तर मला फार वाईट वाटेल.”

मायेनं म्हणाल्या. पण शेडमध्ये त्याचा अर्थ लागला तो असा, की घागर रिकामी झाली नाही तर सिस्टर परीक्षेत नापास. आता पाणी तर पिता येत नाही. आणि जिनं अकरा वर्षं आपले हात बांधले, तिला नापासही होऊ द्यायचं नाही. मग काय? दहा वाजता देखरेखीचा मेस्त्री चहाला गेला की पंकजाक्षी एका बाजूनं आणि नबीसा दुसऱ्या बाजूनं मला उचलायच्या आणि शेडमागे केळ होती तिच्या बुंध्याशी ओतायच्या. कुणाला शंका येऊ नये म्हणून रोज थोडं कमीजास्त. एवढी अक्कल त्यांना होती.

केळीला नुकतं केळफूल आलं होतं. तिनं कधी एवढं पाणी पाहिलं नव्हतं.

मी ओरडले. खरंच ओरडले. पण भरल्या घागरीचा आवाज कुणाला येतो? रोज सिस्टरनी काठी बुडवली, रोज लिहिलं, आणि रोज त्यांच्या कपाळाची आठी वाढली. कार्डावरचे रंग काळपटच, दहातल्या चारजणींना जळजळ, आणि घागर मात्र रिकामी. नबीसा मला उचलताना ओठ चावायची. कळ यायची तिला. तरी उचलायची.

भांडणाच्या आधीच्या सोमवारी ती ठोकणी हातात धरून एका अंगावर कलंडली. तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. एक मूत्रपिंड सुजलं होतं.

आता, एवढ्या काळानंतर, मी कुठे आहे, तेही सांगून टाकते. काठाचा टवका उडालाय, बुडाशी शेवाळ धरलंय, पण तोडणीच्या शेडच्या दाराशी मीच आहे, आणि शेजारी माझी बहीण. दोघींनाही दिवसातून दोनदा भरावं लागतं. केळीकडे आम्हाला कुणी नेत नाही. वाचणाऱ्या बाई, तू कुठल्या दुकानात उभी असशील, कुठल्या शाळेत शिकवत असशील, मला माहीत नाही. पण सकाळी घरून निघताना जर तू घोटभर पाणी मोजून पीत असशील, तर ती सवय तुझी नव्हे. कुणीतरी कुठेतरी एक कुलूप लावलंय. ते शोध. माझी एवढीच विनंती.

आणि आता त्या भांडणाकडे येते.

पिळ्ळै सारांच्या टेबलावर एका बाजूला मी होते, आणि मधे पिकल्या केळ्यांचा घड. बायकांनी आदल्या दिवशी सिस्टरना दिला होता, अभ्यास संपला म्हणून. सिस्टर तो तसाच उचलून घेऊन आल्या होत्या, आणि बोलता बोलता पिळ्ळै सारांनी त्यातलं एक सोलून खाल्लंही होतं.

“घागर गळकी नाही,” सिस्टर म्हणाल्या. “तिची जोडीची घागर कुलपात आहे. मी रोज पडताळलंय.”

“मग प्रश्न मिटला. घागर खरी, वही खरी. मालकांना, मुतलाळींना, मी हेच कळवतो. तीन संडास आहेत, पाणी भरपूर आहे. आता मालकाकडून अजून काय हवं?”

तेव्हा दारातून पंकजाक्षी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. राखेचे हात तिनं पदरालाही पुसले नव्हते.

“सार, केळं गोड होतं?”

“काय?”

“आत्ता खाल्लंत ते. या उन्हाळ्यात अख्ख्या गावातल्या केळी करपल्या. ही एकच कशी भरली, असं नाही वाटलं तुम्हाला? आमच्या तहानेवर वाढलीय ती.” मग ती सिस्टरकडे वळली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “मी आणि नबीसानं ओतलं, मोळे. रोज. घोटभरसुद्धा कुणी प्यायलं नाही. तुम्ही पास व्हाव्यात म्हणून.”

सिस्टरनी केळ्यांचा घड बाजूला सारला. मग त्यांनी वही उघडली, माझ्या तीन महिन्यांच्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, आणि समासात लिहिलं, ‘पाणी केळीला घातलं.’ मी शेजारीच होते, मी वाचलं.

“चूक माझी, चेची,” त्या म्हणाल्या. “जिनं मोजायचं, तिनं आपल्याला काय हवंय ते बोलून दाखवायचं नसतं. परीक्षा पुढच्या वर्षी देईन.”

पिळ्ळै सार खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता. मालकाला घाबरणारा होता, आणि तसल्यांकडून जास्त त्रास होतो. “म्हणजे आता तुमच्याकडे पुरावाच उरला नाही,” ते म्हणाले. “मघाशी घागर खरी होती, आता घागर खोटी. मी कशावर भरवसा ठेवू? चावी कुणी मागितली आणि मी दिली नाही, असं झालंय? आणि कुलूप काढलं तर काजू तिथे जाऊन बसतील.”

“संडासात बसून काजू खायला आम्ही काय माशा आहोत?” पंकजाक्षी म्हणाली. “पोरगी इस्पितळात पडलीय, सार. ती पुरावा नाही?”

“ते दुखणं घरचंही असू शकतं. कारखान्यातलंच आहे हे दाखवा. मी एवढंच म्हणतो. दाखवा.”

“दाखवू?”

“दाखव.”

पंकजाक्षीनं त्यांच्या टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला. सकाळचं सगळं पाणी माझ्यात तसंच होतं. अभ्यास संपला होता, आणि मला केळीकडे न्यायला नबीसाही नव्हती ना. तिनं पेला बुडवला आणि प्यायली. ओठ ओले करून ठेवला नाही, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. दुसरा. तिसरा घेताना ती थांबली. सेहेचाळीस वर्षांची सवय एका सकाळी थोडीच मोडते? पण तिनं डोळे मिटले आणि तोही घशाखाली उतरवला. चौथा. पाचवा. तीन महिन्यांत माझं पाणी पहिल्यांदा माणसाच्या पोटात जात होतं, आणि कल्याणीची शपथ, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

“हे काय चाललंय?” पिळ्ळै सार उभे राहिले.

ते उभे राहिले तशी त्यांची खुर्ची रिकामी झाली. पंकजाक्षी टेबलाला वळसा घालून गेली आणि त्या खुर्चीत बसली. राखेचे दोन्ही हात तिनं एकावर एक ठेवून टेबलावर मांडले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. सिस्टरनी वहीचं कोरं पान उलगडलं आणि पेनाचं टोपण काढलं. दाराशी आता तोडणीच्या निम्म्या बायका जमल्या होत्या, आणि शेडमधल्या ठोकण्या बंद पडल्या होत्या.

मग पंकजाक्षी म्हणाली, “आता तीन वाजेपर्यंत मी इथून हलत नाही, सार, चावी काढा, नाहीतर फडकं आणा.”