शहराच्या गरिबीची दोन पानं

सरकारदरबारी शहरासाठी काय काय मागायचं, याची यादी दरवर्षी महापौरबाई स्वतः करत. यंदा अडचण एवढीच होती, की त्यांची सूनच शहराची आमदार म्हणून निवडून आली होती. जेवायला आपण एका टेबलावर बसू, पण मागण्या मात्र रीतसर वेळ घेऊन माझ्या कार्यालयात द्यायच्या, असं तिने सांगून टाकलं. बाईंनी मुलाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, मला यात घेऊ नका, मला दोघींच्याही मतदारसंघात राहायचंय.

म्हणून बाई आज सुनेच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर आवळून. शेजारी शहराचे मुख्य अभियंते. बाईंनी सुनेकडे आजवर पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नव्हता. तहान लागली की त्या "आज फार उकडतंय" म्हणत, आणि पाणी येई. पण बाजाररस्त्याखालचं जुनं गटार उकडतंय म्हटल्याने बदलणार नव्हतं. ते तुंबलं की घाण पाणी दुकानांच्या तळघरात, आणि दुकानदार बाईंच्या दारात. या अधिवेशनात पैसे मंजूर झाले नाहीत, तर पुढल्या निवडणुकीत काय होणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

यादी त्यांनी जीव ओतून केली होती. पहिलं गटार. मग जड ट्रक शहरात कधी येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार, कारण तेवढ्यासाठीही राजधानीच्या तोंडाकडे बघावं लागे. मग नगरसेवकांचं मन राखायला वाचनालयाचं छप्पर, बसथांबे, एकाच्या मेव्हण्याच्या गल्लीतले दिवे. आणि सगळ्यांच्या आधी दोन पानं नुसती गरिबी. तिजोरीत खडखडाट, पगाराची भ्रांत, शहर कसंबसं दिवस ढकलतंय. वाचताना अभियंत्यांना गहिवरून आलं होतं. दोन वर्षं आपल्याला पंप का मिळाला नाही, हे त्या बिचाऱ्यांना आज कळलं.

आत गेल्यावर सून उठून उभी राहिली. "या, महापौर मॅडम," म्हणाली. बाईंना ते मॅडम टोचलं. सकाळीच एका किटलीतला चहा प्यायलेल्या सुनेला त्यांनी "कशा आहात, आमदारसाहेब?" असं विचारून फिटंफाट केली.

सुनेने लाल पेन घेतलं. मेव्हण्याच्या गल्लीतले दिवे विझले. बसथांबे गेले, छप्पर पुढल्या वर्षावर गेलं. सुनेच्या यादीतलं निम्मं सामान कापायचं काम आजवर बाईंचं होतं. ट्रक राहिले, गटार राहिलं. मग पेन गरिबीच्या पानांवर थांबलं.

हे असंच पुढे पाठवलं तर दमडी मिळणार नाही, सून म्हणाली. सरकार दोन वाटे देतं, तिसरा शहराने घालायचा असतो. ज्याची ऐपत नाही, त्याचा कागद पहिल्याच बैठकीत बाजूला पडतो.

बाई तडकल्या. गरिबाला द्यायचं नाही, तर मग द्यायचं कुणाला?

"ज्याच्याकडे आहे त्याला, आई. बँकेत काय वेगळं असतं?" मॅडमची आई कधी झाली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. "किरकोळ या सदरात किती पैसे आहेत?"

"किरकोळ म्हणजे किरकोळच असणार."

पंधरा वर्षं सून बाईंच्या घरात नांदत होती. महिनाभर पैसे नाहीत म्हणून ऐकवायचं, आणि फ्रिज बंद पडला की संध्याकाळी नवा दारात, तोही रोखीने, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शहराचा संसारही बाई तसाच करत. दर विभागाच्या खर्चातून थोडं थोडं वाचवून किरकोळमध्ये सारायचं. आकडा फुटला, तर नगरसेवक आठवड्यात फस्त करतील. नाही सांगितला, तर गटार बोंबललं.

बाईंनी अभियंत्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

"बसू द्या त्यांना," सून म्हणाली. "वाट्याच्या कागदावर त्यांचीही सही लागते."

तेव्हा बाईंनी खाली मान घालून, दागिना गहाण टाकावा तसा एक आकडा सांगितला. अभियंत्यांचा गहिवर तिथेच आटला. ते बाईंकडे असे बघू लागले, की बाईंनी पर्स उगाच दोनदा उघडली आणि मिटली.

सुनेने मान वर न करता, बाईंनी सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट आकडा लिहिला आणि कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग सही केली.

"गटार पहिल्याच बैठकीत मांडते," सून म्हणाली, आणि गरिबीची दोन्ही पानं तिने फाडून टाकली.

"तुला हे कळलं कधी?"

"निवडून आले त्याच आठवड्यात. अंदाजपत्रक वाचलं ना."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"ठेवलं बाजूला. म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल."

बाईंनी प्रथमच सुनेकडे नीट पाहिलं. घर आपल्यामागे बुडायचं नाही, एवढी खात्री त्यांना पटली. शहराचं बघता येईल.

"आज फार उकडतंय," त्या म्हणाल्या.

सून हसली, आणि उठून तिने पाण्याचा ग्लास अभियंत्यांच्या पुढे ठेवला. त्यांना त्याची जास्त गरज होती.