आठाने गुणलेले साडू

साडूसाडूंचं नातं मुळातच अवघड. धड भाऊ नाही, धड मित्र नाही, आणि तोडावं म्हटलं तर मध्ये दोन सख्ख्या बहिणी. त्यातून ते दोघे एकाच इंटरनेट कंपनीत, पाठीला पाठ लावून बसणारे असतील, तर विचारायलाच नको.

धाकटा साडू नव्या लाइनींचा हिशेब करायचा. कोणत्या गिऱ्हाइकाला किती वेग लागेल तो आकडा फॉर्मच्या चौकटीत भरायचा. थोरला तो आकडा बघून यंत्रावर लाइन लावून द्यायचा. फॉर्म एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा, शब्द मात्र एकही जायचा नाही. सासऱ्यांच्या घरी इंटरनेट बसवलं, तेव्हा धाकट्याने ऐटीत सांगितलं होतं, सिनेमा एका मिनिटात उतरेल. सिनेमाने आठ मिनिटं घेतली, आणि थोरला भर बैठकीत म्हणाला, "आठाने भागायचं राहिलं, जावईबापू!" सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून अबोला.

ही आठाची भानगड तशी काही अवघड नाही. केळी डझनाने सांगतात आणि खाताना नगाने मोजतात, तसंच. फाइल किती मोठी ते बाइटमध्ये सांगतात, लाइनीचा वेग बिटमध्ये मोजतात, आणि इथला डझन आठांचा. संपलं. एवढं हसं झाल्यावर धाकट्याने शहाणं व्हायला हवं होतं. पण अपमान लक्षात राहतो, गणित राहत नाही. त्याची आधीची नोकरी हार्ड डिस्कच्या दुकानातली, तिथे उठता-बसता बाइट. इथल्या फॉर्मवर नुसती आकड्याची चौकट. बिट की बाइट, हे छापायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तो आपला बिनधास्त बाइट भरत राहिला, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्या लाइनी झकास चालत राहिल्या.

मग हॉस्पिटलची लाइन आली. रुग्णांच्या स्कॅनचे फोटो मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांकडे झटपट पोचायला हवे होते. "ही लाइन नीट चालली की तुमची नोकरी कायम," कंपनीच्या मुख्य मॅडमनी धाकट्याला सांगितलं. तो अजून कच्च्या नोकरीवरच होता. कायम झाल्याशिवाय घराचं कर्ज मिळणार नव्हतं, आणि बायकोने तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते.

हॉस्पिटलला सेकंदाला दहा मेगाबाइट हवे होते. त्याने चौकटीत दहा लिहिले. मग त्या भागाच्या मुख्य केबलमध्ये जागा आहे का बघावी म्हणून कागद काढला, तर त्यावर लिहिलेलं, एक हजार मेगाबिट. बिट! त्याला दरदरून घाम फुटला. म्हणजे आजवरचे सगळे फॉर्म चुकले होते? मग लाइनी चालल्या कशा? नशीब, दुसरं काय! त्याने दहा खोडून ऐंशी लिहिले आणि मूग गिळून गप्प बसला.

चाचणीला मॅडम जातीने आल्या. फोटो इतक्या झपाट्याने गेले की पलीकडच्या डॉक्टरांनी फोनवरून शाबासकी दिली. धाकट्याची छाती फुगली. तेवढ्यात मॅडमचा दुसरा फोन वाजला. बँकेचं काम ठप्प होतं. मग शाळेचा फोन आला, मग मॅडमच्या घरून यजमानांचा. अख्ख्या भागाचं इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चाललं होतं.

थोरल्याने यंत्रात डोकं घातलं आणि वर काढलं तेव्हा चेहरा पांढराफटक. "हजारातले सहाशे चाळीस एकट्या हॉस्पिटलसाठी राखून ठेवले गेलेत."

"फॉर्मवर तर ऐंशी दिसतायत," मॅडम म्हणाल्या. "मग सहाशे चाळीस कुठून आले?"

"चूक माझी. हात चुकला," थोरला म्हणाला.

धाकट्याने मनात ऐंशीला आठाने भागून पाहिलं, मग गुणून पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नशीबबिशीब काही नव्हतं. हा मनुष्य त्याचा प्रत्येक आकडा गुपचूप आठाने गुणत आला होता, आणि आत्ताही स्वतःची मान पुढे करून उभा होता. आता धाकटा नुसता गप्प राहिला असता तरी नोकरी कायम होती. त्याला पडदे दिसले. मग स्वतःचीच लाज वाटली.

"हात नाही चुकला, मॅडम. मी आजवर प्रत्येक फॉर्म चुकीचा भरला. हे थोरले साडू ते न बोलता निस्तरत होते. काल मी पहिल्यांदाच बरोबर भरला, म्हणून घोटाळा झाला."

मॅडमनी कपाळ चोळलं. "म्हणजे तुम्ही चुकत होता तोवर सगळं बरोबर होतं?"

"हो."

"आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन घोड्यांना एकमेकांना विचारता येत नव्हतं?"

दोन्ही घोडे छताकडे बघू लागले. मॅडमनी थोरल्याला लाइन ऐंशीवर आणायला पिटाळलं आणि धाकट्याला सांगितलं, कायम करायचं आता पुढच्या वर्षी बघू.

लाइन ठीक झाल्यावर थोरला खुर्ची वळवून चिडून म्हणाला, "मी घेत होतो ना अंगावर? तुम्हाला तोंड उघडायची काय गरज होती?"

"आणि तुम्हाला मला एकदा सांगायला काय झालं होतं?"

"एकदा सांगितलं, तर तुम्ही बोलणंच टाकलंत. आमच्या घरचे सण गेले, वाढदिवस गेले. बहिणी चोरून फोनवर बोलतात. पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही."

ज्याच्यावर धाकटा इतके दिवस डूख धरून होता, तोच त्याला घाबरत होता.

"यापुढे तोंडावर सांगा," धाकटा म्हणाला. "मी रागावेन. पण संध्याकाळपर्यंतच."

"नक्की?"

"नक्की."

"मग साडूभाऊ, वाचनालयाचा तुमचा नवा फॉर्म बघितला. त्यात आठ सोडाच, साधी बेरीजही चुकलीय."

धाकटा खरोखरच भडकला. कानशिलं तापली. आणि तशाच रागात त्याने आपली खुर्ची फरफटत ओढली, साडूच्या शेजारी लावली आणि विचारलं, "कुठं?"