आधी कोणाचे दहा टक्के?

वाटणीनंतरही भावांचं फर्निचरचं दुकान एकाच छपराखाली होतं. मधे फक्त प्लायवूडची आडभिंत आली होती. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा, आणि वर्षभर एकमेकांशी चकार शब्द नाही. सामाईक उरलं होतं ते एकच शिसवी कपाट, किंमत दहा हजार. बहिणीने मुद्दाम तेच पसंत केलं. कपाटावाचून तिचं काही अडलं नव्हतं. पण ते विकायचं तर दोघांना बोलावं लागेल, आणि बोलता बोलता गाडी रुळावर येईल, असा तिचा डाव होता. आईवडिलांमागे माहेर म्हणून तिला हे दोघेच उरले होते.

"तुझ्याकडून पूर्ण किंमत घेऊ होय? माझे दहा टक्के सोडले," थोरला म्हणाला.

"माझेही दहा," आडभिंतीमागून धाकटा म्हणाला. "ताई, त्यांना सांग."

तिला भरून आलं. मग थोरल्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. दुकानाची रीतच होती, दुसरी सूट उरलेल्या रकमेवर धरायची. पहिल्याचे दहा टक्के म्हणजे हजार. मग उरलेल्या नऊ हजारांवर दुसऱ्याचे नऊशे. आधी कोणीही सोडलं तरी तिला कपाट आठ हजार शंभरालाच पडणार होतं. पण जो आधी सोडेल, त्याचे शंभर जास्त जाणार होते.

"त्याचे आधी धरू," थोरला तिला म्हणाला.

"का म्हणून? मोठे तुम्ही!" धाकटा तरातरा इकडे आला. वाटणीआधी 'अरे दादा' म्हणणारा हा, आता अहो-जाहो करत होता.

"मोठेपणाचा मक्ता मीच घेतलाय का रे?"

वर्षभराने भाऊ समोरासमोर बोलले, ते शंभरासाठी.

"अरे, साडेनऊशे-साडेनऊशे सोडा आणि मिटवा की!" ती म्हणाली. पण कोण ऐकतंय? वाटणीतला जुना पंखासुद्धा भांडणात आला. तिला राग नाही आला, लाज वाटली. तिने पर्समधून दहा हजार काढून टेबलावर ठेवले.

"मला सूट नको."

दोघांचे डोळे नोटांकडे वळले. आता तरी कोणीतरी म्हणेल, वेडी आहेस का, ठेव ते पैसे आत. ती वाट बघत राहिली. थोरल्याने नोटा मोजल्या. पाच हजार इकडे, पाच तिकडे.

"चोख झालं," तो म्हणाला, आणि धाकट्याने मान डोलावली.

"ताई, ये हं पुन्हा."

आजवर या दारातून निघताना ती "येते" म्हणायची. आज ती "जाते" म्हणाली, आणि दोघांपैकी एकानेही तिला टोकलं नाही.