दुसरी सुई

मृणालीला आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून अकरा वर्षं झाली होती. खाडीकाठच्या पाच वाड्यांत तिला नावानं कोणी हाक मारीत नसे. लहानथोरांची ती नर्सबाईच. बोलावलं की जायचं, सांगितलं की करायचं, असा तिचा स्वभाव. म्हणून शेजारच्या उपकेंद्रातली नर्स बदलून गेली तेव्हा तिथलंही काम हिच्याच गळ्यात पडलं. घरीही तेच. महिला मंडळाची चिटणीस ती, सासूबाईंचं पथ्याचं जेवण वेगळं रांधणारी ती. पहाटे साडेचारला जाग यायची तेव्हा थकवा तिच्याआधीच उठून बसलेला असायचा.

त्या बुधवारी लसीकरण होतं. दुपारचे दोन वाजून गेले तरी पडवीत पोरं घेऊन बाया बसलेल्याच. डबा पिशवीत तसाच होता. मासे विकणारी गोदूबाई आपल्या जुळ्या नातींना घेऊन आली, कारण सून तापानं पडली होती. ऋतिका आणि ईशा, नऊ महिन्यांच्या. दोघींच्या अंगात सारखीच पिवळी झबली.

मृणालीनं एकीच्या दंडाला सुई दिली. ती कळवळून रडली, तिचं बघून दुसरीनंही भोकाड पसरलं. त्या कालव्यात मृणालीनं दुसरी सुई भरली, समोरचा इवलासा दंड पकडला आणि गोदूबाईनं तिचं मनगटच धरलं.

"अगो बाय, हिला झाली! ही ऋतिका. ईशा ह्या हाताला हाय."

मृणालीनं बघितलं. दंडावर रक्ताचा बारीक ठिपका होता. तिनं स्वतःच लावलेला कापूस खाली पडला होता. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली.

"ताई, झालं नाही ना काही," मदतीला असलेली आशा कार्यकर्ती शमिका हळूच म्हणाली. "होतं असं."

"होऊन चालत नाही, शमिका."

गोदूबाईनं दोन्ही नाती मांडीवर घेतल्या. "तू जेवलीस काय गो?"

"वेळच नाही झाला."

"मग बस नि जेव आधी. आम्ही थांबतो. बाजारात डोळे मिटायला लागले की मी कोयती बाजूला ठेवते. गिऱ्हाईक काय, थांबतं. तुटलेलं बोट परत येत नाही."

पडवीतल्या कोणीही कुरकुर केली नाही. मृणालीनं आतल्या बाकावर बसून गार भाकरी खाल्ली. खाताखाता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं. मग हात धुतले, ईशाचं नाव दोनदा विचारलं आणि सुई दिली.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून आरोग्य केंद्रात डॉक्टर हर्षदकडे गेली आणि घडलं ते सांगितलं.

"चूक झालीच नाही, तर मला कशाला सांगताय?" त्यानं विचारलं.

"पुढच्या वेळी गोदूबाई नसतील म्हणून. एका दिवसात एवढी मुलं मला झेपत नाहीत, सर. लसीकरणाचे दोन दिवस करून द्या. आणि ते शेजारचं दुसरं केंद्र माझ्याकडून काढून घ्या."

डॉक्टरनं लसीकरणाचं वेळापत्रक पुढे ओढलं. "दोन दिवस देतो. केंद्राचं माझ्या हातात नाही. वर लिहितो."

घरी तिनं नवऱ्याला, निलेशला, सांगितलं की संध्याकाळचा स्वयंपाक यापुढे त्यानं करायचा. चिटणीसपद मंडळातल्याच वेदिकाला देऊन आले, हेही सांगितलं. तिथं वेदिकानं तोंड वाकडं केलं होतं.

"आजारी आहेस काय?" निलेश गोंधळला.

"नाही. आजारी पडायच्या आधी सांगतेय."

रविवारी ती आठ वाजेपर्यंत झोपली आणि काहीतरी मोठं चुकल्यासारखी दचकून उठली. संध्याकाळी निलेशचा भात बुडाला लागला. सासूबाई वरचा वरचा भात ताक घालून जेवल्या. मग ओसरीवर बसून देवरूखच्या आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगायला लागल्या. या वर्षात ती त्यांनी तीनदा सुरू केली होती आणि दर वेळी मृणाली मधूनच उठून गेली होती. आज ती भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या केंद्राचं अजून काही कळलं नव्हतं, अंगही जडच होतं.

"मग, पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

सासूबाई पाय पसरून सावकाश सांगू लागल्या.