बहिऱ्या कुत्र्याच्या गळ्यातली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. जुनी म्हणाले म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या पितळाला अजून तडा नाही, आणि माझा आवाज आजही गोठ्यातून निघून देवळापर्यंत जातो. शाळेत मी गेले नाही. पण तुमच्या शाळेच्या घंटेपेक्षा माझं पितळ चांगलं आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आज माझी हकीकत सांगते. गोडगोड सांगणार नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

एका ओताऱ्यानं मला भट्टीतून काढलं, कानशीनं घासलं आणि माझ्या पोटात लोखंडाची जीभ टांगली. ती जीभ मला आजवर पुरली आहे. कौंडण्यपूरच्या जत्रेत महादेवराव नावाच्या शेतकऱ्यानं कितीतरी घंट्या कानाशी धरून वाजवल्या, बाकीच्या परत ठेवल्या आणि मला उचललं. दर्यापूरजवळच्या त्याच्या गावात मी चांदण्या नावाच्या पांढऱ्या बैलाच्या गळ्यात गेले. काय बैल होता तो. मी वाजले की त्याचे दोन्ही कान माझ्याकडे वळायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मला चिंच लावून लखलखीत करायचे. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारी माणसं थांबून विचारायची, "ही घंटी कोणाची?" मी ऐकायचे आणि आणखी जोरात वाजायचे. गर्व होता मला. अजून आहे.

मग महादेवराव गेले. मुलगा शालिकराम यानं ट्रॅक्टर आणला आणि बैल विकले. ट्रॅक्टरला गळा नसतो. मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं, शेजारी तुटका कंदील आणि फाटकी झूल. पोळे येत राहिले आणि जात राहिले. चिंचेचं बोटसुद्धा मला कुणी लावलं नाही. माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं आणि तो माझ्यापेक्षा सुखात राहिला.

त्या खिळ्यावरून मी त्या दिवाळीचा प्रकार पाहिला. शालिकरामला शेतासाठी कुत्रा हवा होता. आमच्याकडे माकडं हरभऱ्यात शिरली की फटाके फोडून हाकलतात, म्हणून फटाक्याला भिणारं कुत्रं शेतात उपयोगाचं नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेजारचे म्हातारे बुधाजी आपल्या कुत्रीची पिल्लं टोपल्यात घालून आमच्या अंगणात आले. शालिकरामनं पिल्लांच्या मागच्या बाजूला सुतळी बॉम्ब लावला.

रुख्मिणी, त्याची बायको, दारातून म्हणाली, "बाम फोडून कुत्रं निवडाची रीत तुमच्याच घरची, बाप्पा."

"मंग माकडं हाकलाले आपण काय फोडतो, पापड?" शालिकराम म्हणाला.

बॉम्ब फुटला. माझ्या पोटातला कोळी बाहेर पडला. पिल्लं ट्रॅक्टरखाली पळाली. एकच पांढरं पिल्लू बुधाजींच्या चपलेचा अंगठा चघळत बसलं होतं, ते चघळतच राहिलं.

"पाह्यलं का बुधाजी, याले म्हणते काळीज," शालिकराम म्हणाला. "हा बहादूर."

झालं. बहादूर घरात आला. ज्याला चार माणसांत जाणता म्हणतात, त्या गड्यानं एवढी साधी शंका मनात आणली नाही, की जे भ्यायलं नाही, त्याला ऐकूच आलं नसेल.

पिल्लू प्रेमळ होतं, पण हाक मारून येत नसे. रुख्मिणी भाकर घेऊन गोठा, अंगण, न्हाणी शोधत फिरायची आणि ते कडब्यामागे झोपलेलं सापडायचं. एक दिवस वैतागून तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि सुतळीनं त्याच्या गळ्यात बांधलं. "आता तरी समजन कुठी मेला ते," म्हणाली.

मला काय वाटलं असेल, विचार करा. बैलाच्या गळ्यातली मी, पोळ्याची मी, आणि आता कुत्र्याच्या गळ्यात. मी त्या दिवशी रागारागानं वाजले. त्याच्या कानांच्या अगदी खाली, वीतभर अंतरावर वाजले. आणि तेव्हाच मला कळलं. चांदण्याचे कान माझ्या नुसत्या किणकिणीला वळायचे. याचा कान हलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. ज्याच्या गळ्यात मी राहत होते, त्याला मी कधीच ऐकू आले नव्हते. राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी दुसरा आला, आणि तो माणसांवरचा.

कारण मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. मी कितीही ओरडले तरी माणसांना ती नुसती घंटी.

हरभरा घाट्यावर आला तेव्हा बहादूरला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं. तो समोर नजर ठेवून इमानानं बसला. समोरून माकड आलं की वाघासारखा धावायचा. मागून बुधाजींच्या बकऱ्या शिरल्या आणि शेताचा एक कोपरा साफ करून गेल्या, त्याला पत्ता नाही. शालिकराम आला, तर बकऱ्या जेवून रवंथ करतायत आणि कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून पहारा देतोय. त्यानं तुराट्यांनी मारलं. "कामचोर. आवाज देऊन राहिलो तं पाठ दाखवते."

नाव लाभत नाही म्हणून नाव बदललं. बहादूरचा टायगर केला. टायगरलाही तो वळेना, तेव्हा शालिकराम टायगर आणखी मोठ्यानं ओरडू लागला. पार देवळातून लोक बघायला यायचे. जे गावाला ऐकू जातं, ते कुत्र्यालाही ऐकू जातच असणार, असा त्याचा हिशेब. आणि येत नाही म्हणजे माजला. मित्रांनो, माणसाला स्वतःचा आवाज फार आवडतो. तो कुणापर्यंत पोचत नाही, हे त्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी बुधाजी चहाला आले. कुत्रा उंबऱ्याशी गाढ झोपला होता. "उठ बे, वाटेत काहून पडला," म्हणत त्यांनी मागून पाठीत काठी टोचली. झोपेत अचानक कुणी ढोसलं तर तुम्ही काय कराल? तो दचकला, वळला आणि जबड्यात जे सापडलं ते धरलं. सापडलं धोतर. दात कातडीला लागलाही नाही. पण धोतर फाटलं आणि बुधाजींनी गाव गोळा केलं. "कुत्रं पिसायलं हे, शालिकभाऊ. आज धोतर धरलं, उद्या लेकरू धरन."

दगड घेऊन दोघंतिघं आलेसुद्धा. रुख्मिणी दारात उभी राहिली, म्हणून ते परत गेले. पण शालिकरामनं ठरवलं. उद्या पोत्यात घालायचा आणि गाडीवरून नेऊन दर्यापूरच्या बाजारात सोडून यायचा. रुख्मिणीनं त्याला अडवलं नाही. तिचाही जीव विटला होता.

बाजारात सोडायचा. जीपा, बस, मोटरसायकली, सगळ्या मागून भोंगे वाजवत येणाऱ्या. तो संध्याकाळसुद्धा पाहणार नव्हता, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

सकाळी शालिकरामनं पोतं झटकलं. कुत्रा गोठ्याच्या सावलीत झोपला होता. रुख्मिणी आली आणि माझी सुतळी सोडू लागली. "सासऱ्यानं जत्रेतून आणलेली घंटी हाये. बाजारात काहून जाऊ द्याची?"

तिचे हात हलके होते, तो जागा झाला नाही. मी तिच्या हातात आले. तिनं मला पदरानं पुसलं आणि सहज, जुन्या सवयीनं, एकदा वाजवलं. त्याच्या कानापाशीच. मी माझ्या जन्मात वाजले नाही तशी वाजले.

कुत्रा घोरत होता.

रुख्मिणी थांबली. तिनं मला त्याच्या कानाला टेकवून पुन्हा वाजवलं. नंतर जोरजोरात. आळीतल्या बाया डोकावल्या, रस्त्यापलीकडची गाय उठून उभी राहिली, कुत्र्याची मिशीसुद्धा हलली नाही. मग तिनं त्याच्याजवळ जमिनीवर पाय आपटला. एकदाच. तो डोळे उघडून शेपटी हलवू लागला.

ती तशीच खाली बसली. नंतर बोलली ते सावकाश बोलली.

"अवो, इकडं या. पोतं ठेवा तं ते."

"काय झालं?"

"हा माजला नाई. हा भैरा हाये. जन्माचा भैरा. बामाले भेला नाई म्हून तुमी त्याले बहादूर म्हटलं. आवाज देल्ला तं येत नाई म्हून तुमीच त्याले झोडपलं. आन् मी भाकर देता देता शिव्या देल्ल्या. आपल्या तिघात अक्कल त्या घंटीलेच होती म्हना."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात पोळ्याला झालं नाही असं कौतुक ते. शालिकराम मान खाली घालून पोत्याची घडी करत राहिला. ती घडी काही केल्या जमेना.

दर्यापूरच्या गुरांच्या डॉक्टरनं कुत्र्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, डबा वाजवला आणि तेच सांगितलं. अशा पांढऱ्या पिल्लांत कधीकधी असं असतं, म्हणाला, औषध नाही. बाकी कुत्रा खणखणीत आहे.

"मंग शेतात काय कामाचा?" परत आल्यावर शालिकराम म्हणाला. "आपल्याले ऐकनारं कुत्रं पाह्यजे. सोयाबीन निघेपर्यंत राहू दे. मंग बुधाजीच्या साळ्याकडं अकोल्याले धाडतो. तो म्हने, दुकानामांगं साखयीनं बांधून ठेवतो."

साखळीनं. जन्मभर. मी पुन्हा कुत्र्याच्या गळ्यात होते. संताप आला, पण मी काय करणार.

रुख्मिणीनं मात्र कामाला सुरुवात केली. सोयाबीन काढायच्या मशीनवर ती गेली कित्येक वर्षं कामाला उभी राहते. तिथं त्या धडधडाटात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडच्या बाया हातानं बोलतात. पंजा उभा केला की थांब. तळवा खाली करून ओढला की इकडे ये. मूठ खाली दाबली की बस. अंगठा तोंडाशी नेला की पाणी. तीच भाषा तिनं कुत्र्याला शिकवली. खूण करायची, तो समजला की भाकरीचा तुकडा, आणि दोन्ही हात हवेत हलवून शाबासकी. मागून कधी हात लावायचा नाही. उठवायचं तर नाकापुढे हात धरायचा, म्हणजे वासानं जागा होतो. लांब असेल तर पाय आपटायचा. सुरुवातीला तो तिच्या हातांकडे बघण्याऐवजी भाकरीकडेच बघायचा. पण आषाढ सरेपर्यंत तो असा झाला की ती अंगणात उभी राहिली की डोळे तिच्या हातांवर.

बाया हसायच्या. "रुख्मावयनी, कुत्र्याले मशीनवर कामाले लावता का?"

"लावते ना. तुमच्यापेक्षा कमी बोलते," रुख्मिणी म्हणायची.

शालिकरामनं एक खूण केली नाही. बायकांचे हातवारे पुरुषानं करायचे का? तो अंगणातून "टायगर" ओरडायचा, कुत्रा जागचा हलायचा नाही, आणि तो म्हणायचा, "पाह्य, अकोल्याचंच जमते याचं."

सोयाबीन निघालं. मशीन शेतात आलं. ट्रॅक्टरपासून मशीनपर्यंत लांब पट्टा फिरत होता. त्या धडधडाटात माझा स्वतःचा आवाज मला येईना. त्या दिवशी शेतातले सगळे बहिरे होते. बाया मशीनच्या त्या बाजूला, भुश्शाच्या धुरळ्यात. इकडे पोत्यांपाशी शालिकराम एकटा.

बहादूरला बांधावरून रुख्मिणी दिसली. तो सरळ तिच्याकडे निघाला. सरळ म्हणजे पट्ट्याखालून. मी त्याच्या गळ्यात आपटत होते, समोर पट्टा येत होता, आणि मला वाटलं, संपलं.

शालिकराम ओरडला. त्याचं तोंड मला दिसलं, आवाज नाही. मशीनवाल्यालाही तो ऐकू गेला नाही. कुत्र्यानं फक्त त्याच्याकडे एकदा पाहिलं, सवयीनं पाहावं तसं. तेव्हा त्या माणसाचा उजवा हात वर गेला. पंजा उभा. थांब.

कुत्रा थांबला. पट्टा त्याच्या नाकापुढून वारा घालत जात होता.

शालिकरामनं तळवा खाली केला आणि ओढला. इकडे ये. खूण बरोबर होती. म्हणजे गड्यानं चोरून सगळं पाहिलं होतं. कुत्रा वळला, धावत त्याच्यापाशी गेला आणि शेपटी हलवत त्याच्या हातांकडे बघू लागला, आता पुढे काय, म्हणून. शालिकराम पोत्यावर बसला आणि त्याला छातीशी धरून बराच वेळ उठला नाही.

मशीन बंद झालं तेव्हा रुख्मिणी आली. "अजी, तुमचा हात वर गेलता. मी पाह्यला."

"माशी हाकलत होतो," शालिकराम म्हणाला.

"बरं. मंग अकोल्याले कधी धाडता?"

त्यानं तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवून तो कुत्र्यापुढे धरला, आणि दोन्ही हात हवेत हलवले. सगळ्या बायांच्या देखत.

पुढल्या पोळ्याला शालिकरामनं मला चिंच लावून घासलं. मी लखलखले. ते बरंच झालं, पण एवढ्यानं मी गप्प बसणार नाही. मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादं कुत्रं हाक मारून येत नसेल, तर दगड उचलण्याआधी त्याच्या मागे उभं राहून एक टाळी वाजवा. कान हलला नाही, तर आवाज वाढवू नका. समोर जा, त्याला दिसेल असं उभं राहा, आणि हात वर करा. मी अजून बहादूरच्या गळ्यात वाजते. त्याला ऐकू यावं म्हणून नाही. तो येतोय हे तुम्हाला कळावं, आणि तुम्ही त्याच्या समोर यावं, म्हणून.